ॲमट्रॅक चालवणारी माणसं: डेव्हिड गन आणि 'नफा कधी होणार?' हा प्रश्न

रारीटनकाठ

एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनवर सकाळी उभं राहिलं की फलाटावर निम्मे चेहरे आपले दिसतात. कुणाच्या पाठीला लॅपटॉपची सॅक, कुणाच्या हातात डबा, कानात मराठी फोन. मधल्या रुळावरून असेला ही वेगवान गाडी सुसाट जाते, तेव्हा सगळे नकळत एक पाऊल मागे सरकतात.

मी जातो ती गाडी न्यू जर्सी राज्याची. पण तिच्या खालचे रूळ, वरची वीजतार, सिग्नल हे सगळं ॲमट्रॅकचं, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे महामंडळाचं आहे. इथे राहायला आल्यावर कित्येक वर्षं मला हे माहीतच नव्हतं. ॲमट्रॅक म्हणजे सरकारच्या जिवावर चालणारी, कायम तोट्यातली गाडी, एवढंच टीव्हीवर ऐकलेलं. मग एकदा २००२ च्या उन्हाळ्याबद्दल वाचलं आणि डेव्हिड गन या माणसाने मला धरून ठेवलं. बरेच दिवस त्याच्यावर लिहायचं मनात होतं.

मे २००२ मध्ये गन ॲमट्रॅकचा अध्यक्ष झाला. तोवर तो निवृत्त होऊन कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर राहत होता. आल्या आल्या त्याने जमाखर्च उघडला. तिजोरी रिकामी होती. काही आठवड्यांतच त्याने जाहीर सांगितलं की साधारण २० कोटी डॉलरची सोय झाली नाही तर गाड्या बंद कराव्या लागतील. त्यात फक्त ॲमट्रॅकच्या गाड्या नव्हत्या. बोस्टन ते वॉशिंग्टन पट्ट्यात त्याच रुळांवर धावणाऱ्या लोकल गाड्याही थांबल्या असत्या. म्हणजे मेट्रोपार्कचा आख्खा फलाट घरी बसला असता. शेवटी वाहतूक खात्याने १० कोटींचं कर्ज दिलं, बाकीचे पैसे काँग्रेसने (इथल्या संसदेने) पुरवणी म्हणून मंजूर केले आणि गाड्या चालू राहिल्या.

तिजोरी रिकामी का झाली, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच आहे.

ॲमट्रॅक सुरू झाली १ मे १९७१ ला. त्याआधी प्रवासी गाड्या खासगी रेल्वे कंपन्या चालवत. हायवे झाले, जेट विमानं आली, १९६७ मध्ये टपाल खात्याने गाड्यांतली टपालाची कामं काढून घेतली आणि प्रवासी गाड्या म्हणजे कंपन्यांच्या गळ्यातलं लोढणं झालं. निक्सनच्या काळात कायदा झाला: प्रवासी गाड्या एका नव्या महामंडळाकडे, मालगाड्या जुन्या कंपन्यांकडे. पहिल्याच दिवशी देशातल्या जवळपास निम्म्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. म्हणजे ज्या धंद्यात कुणालाच पैसा मिळत नव्हता तेवढाच धंदा वेगळा काढला, आणि कायद्यात लिहिलं की हे महामंडळ नफ्यासाठी चालवायचं. तेव्हापासून जो कुणी त्या खुर्चीत बसतो त्याला दर वर्षी संसदेच्या समितीपुढे उभं राहून एकाच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं: नफा कधी होणार?

१९९७ मध्ये काँग्रेसने मुदतच घातली. डिसेंबर २००२ पर्यंत रोजच्या चालवण्याच्या खर्चासाठी सरकारकडून एक पैसा घ्यायचा नाही. तेव्हाचा अध्यक्ष जॉर्ज वॉरिंग्टन सांगत राहिला की आपण त्या वाटेवर आहोत, होईल. टपाल आणि पार्सलाचे डबे प्रवासी गाड्यांना जोडले, असेलावर आशा लावली, देखभाल पुढे ढकलली. आणि जून २००१ मध्ये न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनमधले हक्क गहाण टाकून ३० कोटी डॉलर उचलले. कशासाठी? रोजचा खर्च भागवायला. मी ज्या स्टेशनात रोज उतरतो ते गहाण पडलं होतं, हे वाचलं तेव्हा पोटात गलबललं. घरात पगार पुरत नाही हे कबूल करायला नको म्हणून आईच्या पाटल्या सोनाराकडे ठेवाव्यात, तसं हे.

वॉरिंग्टनला मी वाईट माणूस म्हणणार नाही. कायद्याने त्याच्याकडून अशक्य मागितलं आणि तो हो म्हणाला. गन आला आणि त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे नाही म्हणाला. प्रवासी रेल्वे जगात कुठेही स्वतःच्या पायावर नफ्यात चालत नाही, ॲमट्रॅकही चालणार नाही, तेव्हा ती हवी की नको ते आधी ठरवा, आणि हवी असेल तर नीट चालवायला पैसे द्या. मी त्यातला एक डॉलर वाया घालवणार नाही. समितीपुढे त्याचं म्हणणं साधारण असं असे. रस्त्यांना आणि विमानतळांना सरकार पैसे देतं त्याला गुंतवणूक म्हणतात आणि रेल्वेला दिले की खिरापत, हेही तो तोंडावर सांगे. २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर विमान कंपन्यांना काही दिवसांत ५०० कोटी डॉलर रोख आणि १००० कोटींची कर्जहमी मिळाली होती, त्यामुळे हे ऐकताना अनेकांना अवघड होत असणार.

हे बोलायचा हक्क त्याने कामातून मिळवला होता. १९८४ मध्ये तो न्यू यॉर्कच्या सबवेवर आला तेव्हा डबे आतून-बाहेरून रंगाने फासलेले असत. पोलीस वाढवण्यापेक्षा त्याने एक नियम केला: एकदा साफ केलेली गाडी पुन्हा कुणी रंगवली, तर ती पुसल्याशिवाय प्रवाशांपुढे जाणार नाही. गर्दीची वेळ असली तरी नाही. एकेका मार्गावर हे पाच वर्षं चाललं. १२ मे १९८९ ला शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढली. आपलं काम कुणाला दिसणारच नाही म्हटल्यावर रंगवणाऱ्यांचा उत्साह ओसरला.

ॲमट्रॅकमध्ये त्याने तेच केलं. वरच्या अधिकाऱ्यांची उतरंड छाटली. पार्सलचा धंदा बंद केला, कारण डबे जोडता-काढता प्रवासी गाड्या रखडत. अपघातात मोडून यार्डात पडलेले डबे इंडियानातल्या बीच ग्रोव्हच्या कारखान्यात दुरुस्त करून परत रुळावर आणले. बोस्टन-वॉशिंग्टन कॉरिडॉरवर रुळांखालचे जुने स्लीपर आणि तारा बदलायला घेतल्या. यातलं काहीच फीत कापण्याजोगं नाही.

फेब्रुवारी २००५ मध्ये बुश सरकारच्या अंदाजपत्रकात ॲमट्रॅकसाठी शून्य डॉलर होते. वाहतूक मंत्री नॉर्मन मिनेटा गावोगावी स्टेशनांवर जाऊन सांगत होते की सुधारणा झाल्याशिवाय पैसे नाहीत. एप्रिलमध्ये असेलाच्या ब्रेक डिस्कना तडे सापडले. गनने सगळ्याच्या सगळ्या २० गाड्या उभ्या केल्या. कंपनीला सर्वांत जास्त पैसा मिळवून देणाऱ्या गाड्या, आणि तेही नेमक्या त्या महिन्यांत.

सप्टेंबरात संचालक मंडळाने बोस्टन-वॉशिंग्टन कॉरिडॉरचे रूळ वेगळ्या उपकंपनीत टाकायचं ठरवलं. मंडळात तेव्हा चारच जण होते, सगळे बुश यांनी नेमलेले. गनचा विरोध उघड होता: रूळ एकाकडे आणि गाड्या दुसऱ्याकडे केल्या की खर्च वाढतो आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ९ नोव्हेंबर २००५ ला त्याला काढून टाकलं. गंमत नाही, पण बघा: त्याच्या थोडेच दिवस आधी सेनेटने ॲमट्रॅकला पैसे आणि स्थैर्य देणारा प्रस्ताव ९३ विरुद्ध ६ मतांनी उचलून धरला होता, आणि तो मांडणाऱ्यांत न्यू जर्सीचे लॉटेनबर्ग होते तसे बुश यांच्याच पक्षाचे मिसिसिपीचे ट्रेंट लॉटही होते. कॉरिडॉरची ती फाळणी झाली नाही. २००६ साठी शून्याऐवजी जवळपास १३० कोटी डॉलर मिळाले.

ज्याने 'होईल, होईल' म्हटलं त्याला स्टेशन गहाण टाकावं लागलं आणि ज्याने 'होणार नाही' म्हटलं त्याची नोकरी गेली. मला वाटतं गन बरोबर होता. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

लेख मनापासून लिहिला आहे, आवडला. पण शेवटच्या वाक्याशी असहमत.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेचा प्रमुख हा नेमलेला माणूस. त्याला नेमणारं मंडळ देशाच्या अध्यक्षांनी निवडलेलं, त्या अध्यक्षांना लोकांनी निवडलेलं. मंडळाने धोरण ठरवलं आणि प्रमुख म्हणाला मला पटत नाही, तर त्याने राजीनामा द्यावा किंवा काढून टाकलं जाईल याची तयारी ठेवावी. गनच्या बाबतीत दुसरं झालं. यात अन्याय काय? उद्या आपल्या जिल्हा बँकेचा व्यवस्थापक म्हणाला, संचालकांनी काहीही ठरवो, मी माझंच खरं करणार, तर आपण टाळ्या वाजवू का?

दुसरं, वायोमिंग आणि साउथ डकोटा या दोन राज्यांत ॲमट्रॅकची एकही गाडी नाही. तिथल्या माणसाच्या करातून न्यू यॉर्कच्या वकिलाचा प्रवास स्वस्त का व्हावा, हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण रेल्वेचा शत्रू नसतो. २०१२ मध्ये काँग्रेसचे सदस्य जॉन मायका यांनी समितीत दाखवून दिलं होतं की गाडीत साडेनऊ डॉलरला विकलेल्या हॅम्बर्गरमागे कंपनीचा १६ डॉलर खर्च होतो. दहा वर्षांत खाण्यापिण्यावर ८३ कोटींहून जास्त तोटा. हा आकडा कुणी राजकारणी ओरडला म्हणून खोटा ठरत नाही. त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते देण्याचाच पगार प्रमुखाला मिळतो.

रारीटनकाठ

@हिशेबनीस, मंडळाला काढायचा अधिकार होता हे मान्य. तो कायदेशीर होता की नाही, हा माझा मुद्दाच नाही. माझा मुद्दा असा की हो म्हणून खुर्ची टिकवण्याचा रस्ता त्याच्यापुढे होता, आणि तो त्याने घेतला नाही.

हॅम्बर्गरचं म्हणणं मात्र पटलं. गन असता तर त्यानेही तो आकडा लपवला नसता, असं वाटतं.

भुसावळ_यार्ड

नमस्कार. मी भारतीय रेल्वेत कॅरेज-वॅगन विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. अमेरिकेतली रेल्वे पाहिलेली नाही, पण लेख वाचून एक गोष्ट लख्ख दिसली ती सांगतो.

आपल्या तिकिटावर छापलेलं असायचं, सगळ्यांनी वाचलं असेल: भारतीय रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल करते. म्हणजे तोटा आपल्याकडेही आहे आणि मोठा आहे. मग आपल्याकडे दर वर्षी रेल्वे बंद करा असं कुणी का म्हणत नाही? कारण कोळसा, सिमेंट, खत, धान्य वाहणाऱ्या मालगाड्या त्याच घरात आहेत. मोठा भाऊ कमावतो, धाकट्याची फी भरतो, आणि जमाखर्च एकाच वहीत असतो. अमेरिकेने १९७१ मध्ये वाटण्या केल्या. कमावता भाऊ खासगी कंपन्यांकडे गेला आणि धाकट्याला एकट्याला वेगळी चूल मांडून दिली. आता त्याचा तोटा चव्हाट्यावर उघडा पडलेला आहे. खरं तर तोटा नवा नाही, फक्त तो झाकणारं कुणी राहिलं नाही.

दुसरा फरक माणसांचा. आपल्याकडे रेल्वेवर टीका झाली तर लोकसभेत उत्तर मंत्री देतो. रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षाचं नाव सामान्य प्रवाशाला माहीतही नसतं. मंत्री चांगला असेल तर हे फार उपयोगी पडतं. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, कोकणातल्या राजापूरचे खासदार. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा लाकडी फळ्या असत. त्यांनी त्यावर दोन इंच फोम बसवायला लावला. त्यात परतावा किती असं विचारलं असतं तर कागदावर उत्तर शून्यच आलं असतं. पण निर्णय घेणारा आणि संसदेत त्याची बाजू मांडणारा एकच माणूस होता, म्हणून ते झालं. आज कुठल्याही गाडीच्या बर्थवर पाठ टेकतो तेव्हा मला दंडवते आठवतात.

गनसाहेबांकडे निर्णय घ्यायची जबाबदारी होती, पण सभागृहात आसन नव्हतं. साक्षीदाराच्या खुर्चीत बसून रेल्वे चालवायची म्हणजे अवघड काम.

पूर्वा_शिकागो

@भुसावळ_यार्ड, काका, वाटण्यांची उपमा एकदम चपखल. त्यात एक भर घालते. धाकट्या भावाला वेगळी चूल तर दिलीच, पण स्वयंपाकघर मोठ्याचंच ठेवलं. ॲमट्रॅकचे स्वतःचे रूळ मुख्यतः ईशान्य (बोस्टन-वॉशिंग्टन) कॉरिडॉरवर आहेत. तिच्या गाड्या एकूण जेवढं अंतर धावतात त्यातलं सुमारे ७० टक्के अंतर मालगाडी कंपन्यांच्या रुळांवरून. प्रवासी गाडीला प्राधान्य द्यायचं असा कायदा आहे, पण तो मोडला तर ॲमट्रॅक स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही, केंद्राच्या न्याय खात्यानेच जायचं. १९७९ मध्ये सदर्न पॅसिफिकवर एकदा खटला भरला, त्यानंतर थेट २०२४ मध्ये नॉरफोक सदर्नवर. म्हणजे गाडी उशिरा आली की दोष अध्यक्षाचा, आणि सिग्नल दुसऱ्याच्या हातात.

आता वायोमिंगच्या करदात्याबद्दल. मी आईला घेऊन सिॲटलहून शिकागोला एम्पायर बिल्डरने आले होते. २२०० मैलांचा मार्ग. आमच्या समोर शेल्बीला एक आजी चढल्या. मोंटानाच्या उत्तरेला गव्हाची शेतं असलेलं छोटं गाव. लेकीकडे वुल्फ पॉइंटला निघाल्या होत्या. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गेला की गाडी चालवायला डोळे साथ देत नाहीत, म्हणून ही रेल्वे, असं त्या आईला सांगत होत्या. आई मराठीत उत्तर देत होती आणि दोघींचं छान चाललं होतं. हॅवरला गाडी बराच वेळ थांबते. फलाटाशेजारी ग्रेट नॉर्दर्न या जुन्या रेल्वे कंपनीचं वाफेचं इंजिन उभं आहे. आई त्याच्या मोठ्या चाकाशी उभी राहिली तर तिचं डोकं चाकाच्या वरच्या कडेपर्यंतही पोचत नव्हतं. तो फोटो अजून घरात लावलाय.

या गाड्यांवर टीका करणारे म्हणतात, शिकागो ते सिॲटल दोन रात्री कोण बसणार? पण टोकापासून टोकापर्यंत जाणारे थोडेच असतात. बहुतेक लोक त्या आजींसारखे मधल्या गावांत चढतात आणि मधल्याच गावांत उतरतात.

आणि हे राजकारण्यांना पक्कं ठाऊक असतं. विमान कंपनी चालवून आलेले रिचर्ड अँडरसन २०१७ मध्ये प्रमुख झाले. हिशेबाला कडक माणूस. जेवणाचे डबे कमी केले. साउथवेस्ट चीफ या गाडीचा डॉज सिटी ते अल्बकर्की हा मधला तुकडा बसने जोडायचा विचार पुढे आणला. कागदावर बचत होती. कॅन्ससचे, कोलोराडोचे, न्यू मेक्सिकोचे सेनेटर एकत्र आले, त्यात दोन्ही पक्षांचे होते, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सेनेटने ९५ विरुद्ध ४ मतांनी त्या योजनेला लगाम घातला. आधीचे प्रमुख जोसेफ बोर्डमन यांनीही अँडरसनच्या विरोधात उघड पत्र लिहिलं होतं. म्हणजे तोटा कमी करा म्हणणारे तेच आणि माझ्या गावची गाडी सोडून म्हणणारेही तेच. @हिशेबनीस, या दोन आदेशांपैकी नेमक्या कुठल्या आदेशाचं पालन केलं म्हणजे प्रमुख आज्ञाधारक ठरतो?

आकड्यात अँडरसन यशस्वी झाले, हेही सांगायला हवं. २०१९ च्या आर्थिक वर्षात चालवण्याचा तोटा ३ कोटी डॉलरच्या आत आला होता. मग करोना आला.

हिशेबनीस

@पूर्वा_शिकागो, प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे त्याला सोपं उत्तर नाही. मंडळ एक सांगतं आणि संसद दुसरं, हे मी धरलंच नव्हतं. तरी एक म्हणेन. २००८ च्या कायद्याने ७५० मैलांपेक्षा कमी लांबीच्या मार्गांचा खर्च राज्यांवर टाकला. ज्याला गाडी हवी त्याने वाटा उचलावा. त्यामुळे व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना यांसारखी राज्यं स्वतःहून गाड्या वाढवायला लागली. टीकेतून आलेली ही सुधारणा चांगलीच झाली. सगळी टीका एका मापाने मोजू नका.

दर्यावर्दी

इतक्या चांगल्या धाग्यात ग्रॅहम क्लेटरचं नाव अजून कसं आलं नाही? गनला मी मानतो, पण टीकेतून रेल्वे पार नेणारा माणूस कोण असं विचाराल तर मी क्लेटरचं नाव घेईन.

मी समुद्रावर नोकरी केली, म्हणून आधी समुद्रातली गोष्ट. ३० जुलै १९४५ ला पॅसिफिकमध्ये अमेरिकेची युद्धनौका इंडियानापोलिस बुडाली. कुणाला पत्ताच नव्हता. २ ऑगस्टला एका विमानाला पाण्यात माणसं दिसली. सेसिल जे. डॉइल या जहाजाचा कप्तान होता क्लेटर, तेव्हा ३३ वर्षांचा. वरून आदेश यायच्या आधीच त्याने जहाज तिकडे वळवलं. रात्र झाली. त्या पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या असू शकतात हे माहीत असताना त्याने मोठे सर्चलाइट लावले, एक सरळ आभाळात, म्हणजे पाण्यातल्या माणसांना कळावं की मदत येते आहे, तोवर तग धरा. ज्यांनी रात्रपाळीला काळोखात जहाज चालवलं आहे त्यांना विचारा, युद्धात दिवा लावणं म्हणजे काय. ३१६ जण वाचले.

हा माणूस पुढे सदर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला, मग कार्टरच्या सरकारात नौदलमंत्री, आणि १९८२ मध्ये सत्तरीला पोचल्यावर ॲमट्रॅकचा प्रमुख. समोर रेगन सरकार. त्यांचे अंदाजपत्रक प्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी १९८५ मध्ये ॲमट्रॅकचे पैसे पूर्ण बंद करायचं ठरवलं. क्लेटरने आरडाओरडा केला नाही. तो स्वतः वकील होता आणि खासगी रेल्वे नफ्यात चालवून आलेला, त्यामुळे याला धंदा कळत नाही असं कुणी म्हणू शकत नव्हतं. समितीपुढे त्याच्या बाजूचा एक मोठा मुद्दा हिशेबाचाच होता: उद्या कंपनी बंद केली तर कायद्याप्रमाणे कामगारांना सहा वर्षांपर्यंत भरपाई द्यावी लागेल, म्हणजे बंद करणंच महाग पडेल. दुसरीकडे त्याने कमाई वाढवली. आला तेव्हा उत्पन्नातून जेमतेम निम्मा खर्च भागत होता, दशक संपताना सत्तर टक्क्यांच्या वर गेला. दर वर्षी सरकार शून्य लिहायचं आणि दर वर्षी काँग्रेस पैसे द्यायची.

१९९३ पर्यंत तो होता. पुढच्या वर्षी वारला.

सायली_न

मूळ लेख आणि प्रतिसाद सगळं एका दमात वाचलं. वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं. २०२५ मध्ये ॲमट्रॅकच्या प्रमुखाने अचानक राजीनामा दिल्याची बातमी आली होती. तेव्हाही असंच काही झालं का?

रारीटनकाठ

@दर्यावर्दी, सर्चलाइटची गोष्ट मला माहीत नव्हती. फार फार आभार. रात्री बायकोला वाचून दाखवली.

@सायली_न, ते स्टीफन गार्डनर. त्यांची कथा गनच्या नेमकी उलट बाजूने वाचावी लागते. तरुणपणी सेनेटमध्ये कर्मचारी होते आणि वर हिशेबनीस यांनी सांगितलेल्या २००८ च्या कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता. म्हणजे राजकारण कसं चालतं हे आतून पाहिलेला माणूस. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात ॲमट्रॅकला थेट २२०० कोटी डॉलर मिळाले, १९७१ पासूनची सर्वांत मोठी रक्कम. २०२४ च्या आर्थिक वर्षात ३ कोटी २८ लाख फेऱ्या झाल्या, तोवरचा विक्रम. गाडी कधी नव्हे ती रुळावर होती.

मार्च २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ॲमट्रॅकचं खासगीकरण करा, परदेशी पाहुण्यांना त्या गाडीत बसवू नका, असं जाहीरपणे सांगितलं. त्याच महिन्यात, १९ तारखेला, गार्डनर यांनी पद सोडलं. कंपनीवर सरकारचा पूर्ण विश्वास राहावा म्हणून जातो, असं त्यांच्या निवेदनाचं म्हणणं होतं. पुढे मे महिन्यात व्यवस्थापनातल्या सुमारे ४५० जागा कमी झाल्या. ऑगस्टमध्ये नव्या असेला गाड्या धावू लागल्या. त्यांच्यासाठी गार्डनर यांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं होतं, आणि पहिली गाडी निघाली तेव्हा ते त्या पदावर नव्हते.

गनने खुर्ची सोडली नाही, त्याला काढावं लागलं. गार्डनर कंपनीला झळ लागू नये म्हणून निघून गेले. सुरुवातीला मला गार्डनर यांचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. न्यू यॉर्कला जाणारे हडसन नदीखालचे बोगदे १९१० चे आहेत, २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं होतं, आणि नव्या बोगद्याचे पैसे वॉशिंग्टनमधूनच येणार. अशा वेळी स्वतःच्या नावामुळे ते पैसे अडू नयेत असं एखाद्याला वाटलं, तर त्याला भित्रा कसं म्हणू? तरीही माझं मन गनकडेच जातं.

पूर्वा_शिकागो

माझंही. पण बोगद्याचं वाचून गप्प झाले. तुम्ही रोज त्यातूनच जाता.

भुसावळ_यार्ड

रारीटनकाठ, एक तांत्रिक शंका. असेलाच्या ब्रेक डिस्कला तडे नेमके कुठे होते? आणि सापडले कसे?

रारीटनकाठ

काका, डिस्कच्या आऱ्यांना. डिस्क मधल्या भागाला ज्या आऱ्यांनी जोडलेली असते त्यांत. नेहमीच्या तपासणीत एका तपासनिसाच्या नजरेला पडले. मग सगळ्या गाड्या तपासल्या तेव्हा १४४० डिस्कपैकी सुमारे ३०० मध्ये तसे तडे निघाले. बदललेल्या डिस्क बसवून जुलैपासून एकेक गाडी परत आणली.

भुसावळ_यार्ड

धन्यवाद. हेच ऐकायचं होतं.

आमच्याकडे गाडी सुटायच्या आधी टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारा, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट देतो. एक कागद. त्यावर डबे किती, चालू ब्रेक किती, टक्के किती, आणि खाली सही. ड्रायव्हर आणि गार्ड तो कागद हातात घेतल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. मी ती सही कित्येक वर्षं केली. भुसावळला रात्री दोनच्या सुमारास गाडी आली की कंदील आणि हातोडी घेऊन खाली उतरायचं. ॲक्सल बॉक्सला हाताची पालथी बाजू लावून बघायची, तळहात नाही, कारण तापलेला असला तर पालथा हात लवकर मागे येतो. ब्रेक ब्लॉक बघायचा, पिना बघायच्या, होज पाइप ओढून बघायचा. चाकावर हातोडी मारली की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला की थांबायचं, वाकायचं, पुन्हा मारायचं. वर फलाटावर प्रवासी चहा पीत असतात, स्टेशन मास्तर घड्याळ बघत असतो, कंट्रोलचा फोन येत असतो की गाडी का सुटत नाही.

एका डब्यासाठी गाडी अडवली तरी दहा जणांना उत्तरं द्यावी लागत. या माणसाने २० च्या २० गाड्या अडवल्या, आणि त्या वर्षी त्याच्या अंदाजपत्रकात शून्य लिहिलेलं होतं. ती सही करताना त्याच्या शेजारी कोण उभं होतं, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.